घरांतील बॅटरीचें पहिलें माप

पावसाळा तोंडावर आला म्हणजे वसईकडील गृहस्थ पूर्वीं कौलें शाकारून घेत, सरपण कोरड्या जागीं रचून ठेवीत आणि कंदिलांच्या कांचा पुसून सज्ज करीत. सांप्रत या तयारींत इन्व्हर्टर व त्याची बॅटरी यांची भर पडली आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टींत वसई, नालासोपारा व विरार या भागांत पाणी तुंबलें, आगगाड्या बंद पडल्या आणि वीजही खंडित झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर पाऊस नसतांही मुंबई व तिच्या आसपासचा मुलूख एकाएकीं विजेवांचून राहिला. पुढें मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळानें झाडें व विजेचे खांब आडवे केले. अशा अनुभवांनंतर बॅटरी ही चैनीची वस्तु न राहतां तांदळाच्या कणगीप्रमाणें घरच्या सांठ्यांतील एक जिन्नस होऊन बसली आहे.

या बॅटरीबरोबर अलीकडे एक लहानसें यंत्र येऊं लागलें आहे. भिंतीवर बसविलेल्या त्याच्या तोंडावर आंकडा उजळतो: शंभर टक्के, ऐशीं टक्के, पन्नास टक्के. बॅटरींत किती वीज शिल्लक आहे तें हा आंकडा सांगतो अशी सर्वांची समजूत असते, आणि घरांतील लहान मुलेंदेखील त्याकडे पाहून पंखा ठेवावा कीं बंद करावा हें ठरवूं लागतात. परंतु नवा मापक लावल्याबरोबर त्यावर जो आंकडा उमटतो तो मोजून आलेला नसतो, गृहीत धरलेला असतो. त्यास खरेपणा यावा म्हणून आरंभीं कांहीं विधि करावा लागतो. तो विधि कोणता व तो राहून गेल्यास काय घडतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

ज्या घरांत बॅटरीचा उपयोग दिवा व पंखा एवढ्यापुरताच आहे, तेथें आंकडा चुकला तर फार तर एक रात्र घामांत काढावी लागेल. परंतु हल्लीं पुष्कळ घरांतून वृद्धांना डॉक्टरांच्या सल्ल्यानें हवेंतील प्राणवायु वेगळा काढून देणारें यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, लावावें लागतें. आमचे वडील बंधु यांस गेलीं दोन वर्षें रात्रीं तें लागतें. मिनिटास पांच लिटर प्राणवायु देणारें आमचेकडील यंत्र सुमारें ३५० वॉट वीज खातें. अशा घरांत तो आंकडा म्हणजे एका माणसाच्या श्वासांचा हिशेब असतो.

गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची, १२.८ व्होल्ट दाबाची व १०० अँपिअर-तास सांठ्याची बॅटरी घेतली. बसविणारा कारागीर एका दुपारीं आला, त्यानें तारा जोडल्या, मापक भिंतीस लावला आणि "रात्रभर भरूं द्या, सकाळीं शंभर दिसेल," असें सांगून तो गेला. सकाळीं शंभर दिसलेही. सर्वांस समाधान वाटलें. वहिनींनीं मात्र एक प्रश्न विचारला: "भाऊजी, शंभर टक्के म्हणजे किती तास तें सांगा. मला रात्रीं घड्याळ कळतें, टक्के कळत नाहींत."

हा प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें उत्तर प्रथम कागदावर काढलें. १२.८ व्होल्टला १०० अँपिअर-तासांनीं गुणिलें असतां १२८० वॉट-तास येतात. इन्व्हर्टरमध्यें सुमारें १५ टक्के घट धरली तर हातीं सुमारें १०९० वॉट-तास राहतात. त्यास ३५० नें भागिलें असतां उत्तर आलें तीन तास व वर कांहीं मिनिटें. नंतर बंधूंचें यंत्र पाव तास बॅटरीवर चालवून पाहिलें, तों मापकानें शिल्लक वेळ दाखविला सहा तास. पुतण्याची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. ती म्हणाली, "आजोबा, दोघांपैकीं एकाचा हिशेब चुकतो आहे. तुमचा तरी, नाहीं तर या यंत्राचा तरी."

निर्णयासाठीं प्रयोग करावा असें ठरलें. रविवारीं वीज सुरळीत असतांना बंधूंचें यंत्र सरळ घरच्या विजेवर ठेविलें व शेजारीं प्राणवायूचा भरलेला सिलिंडरही ठेविला. बॅटरीवर ७५ वॉटचे दोन पंखे व २० वॉटचे तीन ट्यूब-दिवे, मिळून २१० वॉटचा बोजा दिला. बॅटरींतून सुमारें २० अँपिअर प्रवाह जाऊं लागला. सकाळीं आठास आरंभ केला. दुपारीं एकाच्या सुमारास पंखे थांबले, दिवे गेले, बॅटरी संपली. आणि त्या क्षणीं मापकावर आंकडा होता पन्नास टक्के! कन्येनें यंत्राबरोबर आलेली पुस्तिका उघडून एकेक कलम तपासलें, तेव्हां उलगडा झाला. मापकांत बॅटरीचा सांठा २०० अँपिअर-तास असा नोंदलेला होता. तो कारखान्यांतून आलेला आंकडा होता. बसवितांना तो बदलून १०० करावयाचा असतो, तें राहून गेलें होतें.

याचा अर्थ वाचकांनीं क्षणभर लक्षांत घ्यावा. रात्रीं दहा वाजतां वीज गेली असती, तर मापकानें पहाटे चारपर्यंतचें आश्वासन दिलें असतें आणि रात्रीं एकाच्या सुमारास यंत्र बंद पडलें असतें. त्या वेळीं मापकाकडे पाहून निश्चिंत निजलेल्या मंडळींस बोल लावतां आला नसता.

आतां मापकास हें कसें कळत नाहीं, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. बॅटरींत किती वीज आहे हें पाहण्याच्या मुख्यतः तीन रीति आहेत.

पहिली रीत घनता पाहण्याची. आमच्या तालुक्यांतील मिठागरांमुळें ही कल्पना वसईकरांस नवीन नाहीं. मीठ पिकविण्याच्या धंद्यांत पाणी किती आटलें हें घनतामापकानें, बोमे अंशांत पाहतात. समुद्राचें पाणी सुमारें ३ अंशांचें असतें व तें आटून सुमारें २५ अंशांवर गेलें म्हणजे मीठ धरूं लागतें. शिशाच्या बॅटरींतही हाच प्रकार आहे. वीज खर्चू लागली म्हणजे तिच्यांतील गंधकाम्ल वापरलें जातें, पाणी तयार होतें व द्रवाची घनता उतरते. पूर्ण भरलेल्या बॅटरींत ती जातीप्रमाणें १.२४ ते १.२८ असते आणि बॅटरी उतरल्यावर १.१५ च्या आसपास किंवा त्याहून खालीं येते. गास्तों प्लांते यानें १८५९ मध्यें बनविलेल्या या जातीच्या बॅटरीची परीक्षा आजही अशीच घेतात. परंतु लिथियम बॅटरी बंदिस्त असते व तिच्यांतील द्रवाची घनता अशी बदलत नाहीं. तेथें ही रीत लागू पडत नाहीं.

दुसरी रीत दाब, म्हणजे व्होल्ट, पाहण्याची. शिशाची बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवून दाब पाहिला तर बराच अंदाज येतो. भरलेलीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातींत मात्र नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत उतरतांना दाब अर्ध्या व्होल्टाहूनही कमी बदलतो. शिवाय बोजा चालू असतां तो खालीं बसतो व बोजा काढतांच वर येतो. वसईच्या सपाट किनाऱ्यावर उभें राहून केवळ नजरेनें जमिनीचा उतार सांगणें जितकें कठीण, तितकेंच हें कठीण आहे.

म्हणून तिसरी रीत निघाली, ती जमाखर्चाची. बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेल्या तारेच्या मार्गांत शंट नांवाची एक धातूची पट्टी बसवितात. तिच्यांतून प्रवाह गेला म्हणजे तिच्या दोन टोकांत किंचित् दाब उत्पन्न होतो. ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट असें तिचें माप असेल, तर २० अँपिअरला दोनच मिलिव्होल्ट पडतात. मापक हा सूक्ष्म दाब अखंड वाचतो, त्यावरून प्रवाह काढतो व त्यास काळानें गुणून बेरीज करीत जातो. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला म्हणजे एक कूलोम, आणि ३६०० कूलोम म्हणजे एक अँपिअर-तास. बॅटरींत शिरलेली वीज जमेस धरावयाची, बाहेर गेलेली खर्चीं टाकावयाची, एवढेंच त्याचें काम. बॅटरीच्या पोटांत तो डोकावत नाहीं. तो दारांत बसलेला कारकून आहे. कोठारांत आरंभीं किती माल होता हें त्यास कोणी सांगितलें नाहीं, किंवा खोटें सांगितलें, तर त्याची बेरीज-वजाबाकी कितीही चोख असली तरी शिल्लक खोटीच निघणार.

आपल्या जुन्या घटिकापात्राशीं याचें नातें फार जवळचें आहे. तळाशीं सूक्ष्म छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडावयाचें. तें अहोरात्रांत साठ वेळां बुडावें, असें सूर्यसिद्धान्तांत सांगितलें आहे. एक घटिका म्हणजे २४ मिनिटें. पात्रास वेळ कळत नसे. तें केवळ भरे व बुडे, आणि मोजणारा मोजी. प्रत्येक घटिकेस अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर दिवसाच्या अखेरीस अर्ध्या तासाची चूक सांचावयाची. म्हणून पात्राचें छिद्र आधीं पारखून घेत आणि मोजणीचा आरंभ सूर्याच्या उदयापासून करीत. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उदय झाला कीं मागची चूक तेथेंच संपे. बॅटरीच्या मापकास याच दोन गोष्टी हव्या असतात: पारखलेलें छिद्र व रोजचा सूर्योदय. बॅटरी खरोखर पूर्ण भरणें हाच त्याचा सूर्योदय होय.

आतां प्रत्यक्ष विधि सांगतों.

प्रथम जोडणी पाहावी. बॅटरीच्या ऋण टोकास शंटवांचून दुसरी एकही तार नसावी. इन्व्हर्टर, सौर पत्र्याची तार, लहानसा दिवा, जें कांहीं असेल तें शंटच्या पलीकडील बाजूस जोडलेलें असावें. जी तार शंटला वगळून गेली तिचा खर्च वहींत चढत नाहीं. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावें. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर मोठी ठिणगी उडून भाजण्याचा धोका असतो.

दुसरें, शून्य पाहावें. सर्व बोजा व भरण बंद करून प्रवाहाचा आंकडा पाहावा. तो शून्य नसेल तर मापकांतील त्या कामाच्या कलमानें शून्य करून घ्यावा. तराजू वापरण्यापूर्वीं रिकामीं पारडीं समतोल आहेत कीं नाहींत हें पाहण्याची शिस्त शाळेच्या प्रयोगशाळेंत मुलांस लावतात, तीच ही. दशांश एक अँपिअरची चूक क्षुल्लक वाटते. पण दिवसास तिचे २.४ अँपिअर-तास होतात व दहा दिवसांत २४. शंभरांच्या सांठ्यांत हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला.

तिसरें, सांठ्याचा आंकडा बॅटरीवरील पट्टीवरून वाचून स्वतः नोंदावा. शिशाच्या बॅटरींत तो आंकडा किती तासांच्या संथ खर्चावर दिलेला आहे हेंही पाहावें, कारण घाईनें वीज काढली तर ती कमी भरते. हा नियम पॉयकर्ट यानें १८९७ मध्यें मांडला, म्हणून मापकांत त्याच्या नांवाचें एक कलम असतें. शिशासाठीं तेथें १.२५ च्या आसपास, आणि लिथियमसाठीं १.०५ च्या आसपास आंकडा घालतात. तसेंच भरतांना कांहीं वीज वायां जाते. शिशांत शंभर घातले तर सुमारें ९० ते ९५ परत मिळतात, लिथियमांत ९९ च्या आसपास. त्याचेंही कलम असतें. उत्पादकाच्या पुस्तिकेंत वेगळे आंकडे असल्यास तेच प्रमाण मानावे.

चौथें, पूर्ण भरलें म्हणजे काय, हें मापकास शिकवावें. दाब भरण-दाबाच्या किंचित् खालच्या ठराविक आंकड्यावर पोंचला आणि आंत जाणारा प्रवाह सांठ्याच्या सुमारें चार टक्क्यांवर, म्हणजे शंभरांच्या बॅटरींत चार अँपिअरवर, उतरून कांहीं मिनिटें तेथेंच राहिला, म्हणजे बॅटरी भरली असें धरण्याची सामान्य रीत आहे. दाबाचा हा आंकडा फार वर ठेवला तर सूर्योदय कधींच होत नाहीं. फार खालीं ठेवला तर मध्यरात्रींच कोंबडा आरवतो. कित्येक मापक तर चालू होतांक्षणींच शंभर दाखवितात, मग बॅटरी कारखान्यांतून अर्धवट भरलेली कां आली असेना. म्हणून पहिलें शंभर विश्वासास पात्र धरूं नये; एकदां रात्रभर पूर्ण भरून, मगच तेथून हिशेब सुरू करावा.

पांचवें, आणि आमचे मतें सर्वांत महत्त्वाचें, एकदां घड्याळ लावून बॅटरी रिती करून पाहावी. सांठ्याच्या पांचव्या हिश्श्याइतका प्रवाह जाईल असा बोजा द्यावा. म्हणजे काम सुमारें पांच तासांत आटोपतें. दर तासास वेळ, टक्के व व्होल्ट कागदावर लिहावे. लिथियम बॅटरीचें अंगचें संरक्षण तिला योग्य वेळीं तोडतें, म्हणून ती एकदां तळापर्यंत नेण्यास हरकत नाहीं. शिशाची बॅटरी मात्र अर्ध्यावरच थांबवावी व घनतामापकानें ताडून पाहावी. ती तळास गेली तर तिचें आयुष्य घटतें. त्या कामांत डोळ्यांस चष्मा, हातीं मोजे व खोलींत मोकळी हवा असावी. आजारी माणसाचें यंत्र अशा प्रयोगास कधींही लावूं नये.

आम्हीं सांठ्याचें कलम १०० करून पुढील रविवारीं हाच प्रयोग पुन्हां केला. या खेपेस दिवे गेले तेव्हां मापकावर दोन टक्के होते. त्यावर कन्या म्हणाली, "आतां दोघांचा हिशेब जुळला." बंधु आंतून म्हणाले, "मग त्याची वही मला दाखवा; दोन टक्के कोठें गेले?" त्यांनीं आयुष्य हिशेबतपासणींत घालविलें असल्यामुळें हा प्रश्न अपेक्षितच होता.

लॅपटॉप, फिरता दूरध्वनि व विजेवर चालणारी स्कूटर यांच्या बॅटरींतही असाच कारकून एका चिमुकल्या चकतीच्या रूपानें बसलेला असतो. त्याचें पहिलें शिक्षण बहुधा कारखान्यांतच होतें: बॅटरी पूर्ण भरून सुमारें दोन तास विसावा, मग ठराविक गतीनें रिती करून सुमारें पांच तास विसावा, आणि पुन्हां पूर्ण भरण. विसाव्याचें कारण असें कीं, स्वस्थ झालेल्या बॅटरीचाच दाब खरा असतो. त्यावरून चकती आपली वही ताडून पाहते. लॅपटॉप वीस टक्के दाखवीत असतां एकाएकीं बंद पडूं लागला, तर एकदां पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हां भरावा. बहुधा आंकडा जागेवर येतो. पण ही संवय करूं नये, कारण लिथियम बॅटरी वारंवार तळास नेल्यानें लवकर झिजते.

मापक नीट लावल्यावरही दोन पथ्यें पाळावीं लागतात. एक, बॅटरी पंधरवड्यांतून एकदां तरी पूर्ण भरूं द्यावी, म्हणजे सांचलेली चूक निघून जाते. दुसरें, वर्षास एक परीक्षा घ्यावी. वयानुसार सांठा कमी होत जातो. १०० चे ८० अँपिअर-तास झाले तरी मापकाच्या वहींत १००च राहतात, आणि पूर्वींचीच फसवणूक हळूहळू पुन्हां सुरू होते. परीक्षेंत जो सांठा निघेल तो नवा आंकडा नोंदावा.

या परीक्षेस अक्षय्य तृतीयेचा सुमार चांगला. पाऊस दूर असतो, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि घरांत हातभार लावावयास माणसें असतात. निघालेले तास एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मापकाशेजारीं लावावे: केवळ दिवे व पंखे असल्यास किती, प्राणवायूचें यंत्र असल्यास किती, आणि सिलिंडर काढून ठेवण्याची वेळ कोणती. आमचेकडे तिसऱ्या ओळींत "वीज गेल्यापासून दोन तास" असें वहिनींच्या हातचें लिहिलेलें आहे. हिशेबानें तीन तास निघत असतां तिनांतला एक त्यांनीं आपल्याकडे राखून ठेविला. आणि तो राखणें योग्यच आहे असें आमचें मत आहे.